बागेत पडलेल्या मुली

"सायकल कोणी शिकवली?"

"वडिलांनी."

"कुठे?"

"बागेत."

"बागेत काय होतं?"

"हिरवळ. फुलं. पक्षी."

"पक्षी काय करत होते?"

"गात होते, सर."

"सर म्हणू नकोस, तिथे परीक्षक असेल. आणि पक्ष्यांपाशी थांब जरा. श्वास घे. मग पड."

मी श्वास घेतला आणि पडले.

हे इंग्रजीत चाललं होतं, ते आधीच सांगायला हवं. या गोष्टीतलं निम्मं बोलणं इंग्रजीत झालेलं आहे आणि मी ते मराठीत लिहिते आहे, त्यामुळे मी होते त्यापेक्षा हुशार वाटेन. मिरजेच्या एका हॉस्पिटलात मी सिस्टर होते. ड्यूटी संपली की मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत उपासनी सरांच्या क्लासला जायचे. परदेशी नर्सिंगसाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा मी दुसऱ्यांदा देणार होते. लिहिणं, वाचणं, ऐकणं पहिल्या वेळीच जमलं होतं. बोलण्यात सात हवे होते, साडेसहा मिळाले होते. आयर्लंडमधलं एक हॉस्पिटल मला घ्यायला तयार होतं आणि जूनअखेरपर्यंत थांबणार होतं. त्यानंतर त्यांनी दुसरी कोणी घेतली असती आणि मी मिरजेतच सलाइन लावत राहिले असते.

त्या अर्ध्या गुणासाठी सर माझं बालपण सुधारत होते.

उत्तर, चौथ्या सुधारणेनंतर

मी सात वर्षांची असताना माझ्या प्रेमळ वडिलांनी मला सायकल शिकवायचं ठरवलं. एका प्रसन्न रविवारी आम्ही घराजवळच्या बागेत गेलो. पक्षी गात होते. वडिलांनी मागून सीट घट्ट धरली होती. अचानक मी पडले आणि माझा डावा गुडघा खरचटला. वडील धावत आले. त्यांनी मला उचललं, माझे डोळे पुसले. त्या दिवशी मी शिकले, की प्रयत्न सोडायचे नसतात.

"तुझी बाग कशी आहे?" रूथने विचारलं.

रूथ भांबळ माझ्याच वॉर्डात होती आणि माझ्याच क्लासला. आम्ही खालच्या चहाच्या गाड्यावर उभ्या होतो.

"तुझ्यासारखीच. पक्षी आहेत."

"माझ्यात कारंजं पण आहे. काल घातलं सरांनी. गुडघा कुठला?"

"डावा."

"माझाही डावा. क्लासातल्या सुनंदाचाही डावा. अगं, एका रविवारी, एका बागेत आपण सगळ्या पडलो आणि एकमेकींना दिसलो कशा नाही?"

"तुला खरं कोणी शिकवली?"

"मला येतच नाही सायकल." तिने चहावर फुंकर घातली. "चर्चच्या पाळकांच्या मुलाच्या मागे बसायचे मी. ते सांगितलं तर परीक्षक पास करेल, आई नापास करेल. तुला कोणी?"

"वडिलांनी. तेवढं खरं आहे."

"मग तुझं बरं आहे. तुझ्यात एक तरी माणूस खरा आहे."

सरांची टिंगल करायला मी हे लिहीत नाही. क्लास सुटल्यावर ते मला तासभर थांबवून घ्यायचे आणि एकेक वाक्य माझ्या तोंडात नीट बसेपर्यंत स्वतः म्हणून दाखवायचे. त्यांचं एक म्हणणं होतं. परीक्षक दिवसभर ऐकून दमलेला असतो, दमलेल्या माणसाला ओळखीच्या रस्त्याने न्यावं. त्याला वाट शोधायला लावू नये.

उत्तर, तिसऱ्या सुधारणेनंतर, बाग यायच्या आधी

मी सात वर्षांची असताना वडिलांनी मला गावाच्या मैदानात सायकल शिकवली. ते स्वतः उत्तम सायकल चालवत. ते माझ्या शेजारून दुसऱ्या सायकलवर येत होते. मी पडले तेव्हा ते खाली उतरले आणि त्यांनी मला उचललं.

सर म्हणाले, "दोन सायकली नकोत, ऐकणारा गोंधळतो. वडील पायी कर. सीट धरायला दे त्यांना."

परीक्षेच्या आदल्या दिवशी आप्पा, म्हणजे माझे वडील, जतहून आले. परीक्षा पुण्याला होती, रूथ आधीच पुढे गेली होती. मी एकटीने जाणं त्यांना पटलं नव्हतं, आणि पुण्यात गेल्यावर ते मला काय मदत करणार हे मला कळत नव्हतं. एसटीत त्यांनी मला खिडकी दिली आणि स्वतः पाय बाहेरच्या बाजूला लांब करून बसले. गुडघे दुमडत नव्हते त्यांचे.

"काय इचारत्यात?"

"काहीही. घर, सण, आवडतं जेवण. सध्या सायकल फार विचारतात म्हणे."

"सायकल?" आप्पांनी पाय आत घेतले. "सायकलीचं काय?"

"लहानपणी शिकलात का. कोणी शिकवली. कसं वाटलं."

"मग?"

मी त्यांना बाग मराठीत म्हणून दाखवली. पक्ष्यांपाशी थांबले, श्वास घेतला, पडले. आप्पा मान खाली घालून ऐकत होते.

"पोरगी पडल्यावर बाप पळत येतो म्हन की."

"हो."

"उचलतो."

"डोळेही पुसतो."

"चांगलं केलंय मास्तरनी." त्यांनी पाय परत बाहेर लांब केले. "त्येच सांग."

"पण खरं नाही ना ते, आप्पा."

"खऱ्याचं काय करायचंय तितं? सायेब काय गावात इचारायला येतोय व्हय? त्या बागंतला बाप बरा हाय. त्येच सांग."

"मी तुमचा खेळ सांगितला तर—"

"खेळाचं नाव काढू नगंस."

कंडक्टर आला, त्यांनी तिकिटं काढली आणि पुण्यापर्यंत पेरू, पाऊसपाणी आणि माझं लग्न यांवर बोलत राहिले.

पूर्वी मला शिकायला होस्टेलला सोडतानाही त्यांनी हेच सांगितलं होतं. खेळ माझा, तुझा न्हाई. कोणी विचारलं तर म्हण, बापाचं सायकलचं दुकान आहे. मला वाटायचं, त्यांना खेळाची लाज वाटते.

उत्तर, दुसऱ्या सुधारणेनंतर

माझे वडील गावोगावी सायकलचे खेळ करत. ते पाच दिवस सायकलवरून खाली उतरत नसत. चौथ्या दिवशी त्यांनी मला सायकल शिकवली. मी गोलात शिकले, त्यामुळे बरीच वर्षं मला फक्त डावीकडे वळता यायचं.

"पाच दिवस न उतरता?" सर म्हणाले होते. "परीक्षकाला वाटेल, तुला तास म्हणायचं होतं आणि शब्द चुकला. तास कर. आणि ते डावीकडे वळण्याचं काढून टाक, विषयांतर आहे."

ज्यांनी तो खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. गावाच्या मोकळ्या जागेत पांढऱ्या फक्कीने मोठा गोल आखायचा. मध्ये खांब, खांबाला कर्णा. माणूस सायकलवर बसतो आणि गोल फिरायला लागतो. पाच दिवस, पाच रात्री. जेवतो सायकलवर, दाढी करतो सायकलवर, दोघेजण बाजूने पळत बादली ओततात तेव्हा अंघोळही तिथेच. पेंग आली तर एका हाताने खांबाची दोरी धरून डुलत फिरतो. पाय जमिनीला लागला की खेळ संपला. मग पहिला दिवस असो की शेवटच्या दिवसाची संध्याकाळ, गाव पाठ फिरवतं. पाचवा दिवस पुरा झाला तर वाजतगाजत उतरवतात, आहेर करतात, आणि पुढच्या गावाला निरोप जातो की माणूस पक्का आहे. कर्ण्यावर आमची आई बोलायची. "सायकलवीर रंगनाथ, मंडळी, अजून खाली आलेला नाही."

परीक्षा एका हॉटेलात होती. फोन, घड्याळ, पिशवी, सगळं खाली ठेवून घेतलं. वरच्या मजल्याच्या बोळात खुर्च्या मांडल्या होत्या आणि बोलायचं नाही असं बजावलं होतं. रूथचा नंबर माझ्या आधी होता. ती बाहेर आली ती पदराला हात पुसत. माझ्यासमोरून जाताना वाकून चप्पल नीट करायला लागली.

"सायकल आली," ती चपलेला म्हणाली. "पडून आले मी. बाई खिडकीबाहेर बघत होती गं."

मला आत बोलावलं.

पांढऱ्या केसांची, बारीक अंगाची बाई. टेबलावर रेकॉर्डर. आधी नाव, गाव, काम. मग तिने माझ्यापुढे एक कार्ड सरकवलं. लहानपणी शिकलेली एखादी गोष्ट सांगा. कुठे शिकलात, कोणी शिकवली, तुम्हाला कसं वाटलं. विचाराला एक मिनिट, बोलायला दोन.

मिनिटभर मी काहीच लिहिलं नाही. लिहायला काही नव्हतंच, सगळं पाठ होतं.

"मी सात वर्षांची असताना," मी सुरू केलं, "माझ्या प्रेमळ वडिलांनी मला सायकल शिकवायचं ठरवलं."

बाईने मान हलवली. राऊंडच्या शेवटच्या खाटेशी आलेला डॉक्टर हलवतो तशी. तिला रविवार माहीत होता. तिला पक्षी माहीत होते. मी पक्ष्यांपाशी थांबले, श्वास घेतला, आणि पुढचं वाक्य घेतलं. वडिलांनी मागून सीट—

तोंडातून ते वाक्य निघालंच नाही. मी ठरवून थांबले नव्हते. कदाचित आदल्या दिवशी तेच वाक्य आप्पांना म्हणून दाखवलं होतं म्हणून असेल. ते मान खाली घालून ऐकत होते, तेवढंच समोर येत राहिलं. रेकॉर्डर चालू होता. शांततेचे गुण कापतात, हे सरांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं.

उत्तर, सुधारायच्या आधी

वडील सायकलवर. पाच दिवस. खाली नाही. मी शिकली. मी पडली. वडील खाली नाही. वडील गोल, गोल. मी उठली.

हे मी क्लासच्या पहिल्या आठवड्यात म्हणाले होते. सरांनी चष्मा काढला होता. "मुलगी पडली तरी खाली नाही?" "नाही सर." त्यांनी चष्मा पुसून परत लावला. "हे नको सांगूस, वैजयंता. ऐकणाऱ्याला तुझ्या वडिलांचा राग येईल. गुणांचं सोड, मलाच नको वाटतं." आणि तिथून ते उत्तर सुधारायला लागले.

"माफ करा," मी बाईला म्हणाले. "बाग नव्हती."

तिने वर पाहिलं.

"मैदान होतं. धूळ होती. पांढऱ्या फक्कीचा गोल होता."

पुढचं मी कसं बोलले ते मला वाक्यावाक्याने आठवत नाही. काळ चुकत होते, ते मला माझं मलाच ऐकू येत होतं. फक्कीला शब्द नव्हता, मी लग्नात घरापुढे रांगोळी घालतात तसली पूड म्हणाले. कर्ण्याला हातांनी आकार काढून दाखवला. आईचा आवाज काढून दाखवला, मराठीतच. सांगितलं, की चौथ्या दिवशी गर्दी ओसरते, कारण जेवण, दाढी, अंघोळ सगळं लोकांनी बघितलेलं असतं, आणि पाचव्या दिवसाचा शेवट अजून यायचा असतो. त्या दिवशी काहीतरी नवं लागतं. म्हणून आईने कर्ण्यावर पुकारलं, आज संध्याकाळी सायकलवीराची मुलगी सायकल शिकणार. एका दुकानदाराने त्याच्या मुलाची छोटी सायकल दिली. लोक परत आले, झाडावर चढले. आप्पा बाहेरच्या बाजूने, मी आतल्या. त्यांचा डावा हात माझ्या मानेवर. चालत्या सायकलवरून ते मला चालवत होते. काही फेऱ्या तशाच गेल्या आणि मग त्यांनी हात काढला.

"आणि मी पडले," मी म्हणाले.

दोन मिनिटं संपली होती. बाईने घड्याळाकडे पाहिलं. या जागी एखादा जोडप्रश्न विचारतात, तेवढ्यापुरता.

"मग त्यांनी तुम्हाला उचललं?"

"नाही. ते उतरले नाहीत."

"तुम्हाला राग आला त्यांचा?"

हे मला सरांनी विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं, कुठल्याच भाषेत. त्यामुळे याचं सुधारलेलं किंवा न सुधारलेलं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "माझा गाल मातीला लागला होता. तिथून मला माणसं दिसत नव्हती, फक्त चाकं दिसत होती. त्यांचं चाक, त्यांचं पायडल, त्यांचा पाय. तो पाय पायडलवरून निघाला. खाली येत होता. सगळं गाव गप्प झालं होतं, आईचा कर्णासुद्धा. तो पाय टेकला असता तर चार दिवस गेले असते. आणि ते टेकवणार होते. मला दिसत होतं. म्हणून मी उठले. टेकायच्या आत."

बाईच्या हातातलं पेन कागदावर नव्हतं.

"आणि पाय?"

"परत पायडलवर गेला. मी सायकल उचलली. मग आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत फिरत होतो. ते पुढे, मी मागे. दुसऱ्या दिवशी त्यांना गावाने खांद्यावर उतरवलं."

"तुम्ही तो पाय पाहिलात, हे त्यांना माहीत आहे?"

"मी कधी सांगितलं नाही."

ती काहीतरी म्हणणार होती असं मला वाटलं. पण रेकॉर्डर चालू होता आणि तिलाही नियम होते. तिने पुढचा कागद घेतला आणि विचारलं, शहरांमध्ये सायकलींसाठी वेगळे रस्ते असावेत का.

मी म्हणाले, असावेत. दोन कारणं दिली, सर शिकवतात तशी.

निकाल इथेच सांगून टाकते, म्हणजे तो शेवटी मध्ये यायला नको. बोलण्यात साडेसात. जून संपायच्या आत माझे कागद आयर्लंडला गेले, आणि हे मी तिथल्याच एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये लिहिते आहे. निकाल लागला त्या दिवशी मिरजेतूनच सरांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "बाग चालली ना?"

"बाग नाही सांगितली, सर. पहिलं सांगितलं. तुम्ही नको म्हणालात ते."

"आणि व्याकरण?"

"चुकलं."

"किती?"

"बरंच."

पलीकडे ते हसले. मनापासून हसले. "मग रविवारी ये आणि पोरींना ऐकव. एका बागेत किती जणी पाडायच्या मी तरी."

आता हॉटेलच्या फाटकाशी. परीक्षा नुकतीच झाली आहे, निकाल अजून कोणालाच माहीत नाही.

आप्पा वॉचमनच्या बाकावर बसले होते. दोघांची चांगलीच ओळख झालेली दिसत होती. वॉचमन त्यांना तंबाखू मळून देत होता.

"झालं?"

"झालं."

"सायकल आली?"

"आली."

"बाग सांगितलीस न्हवं?"

"नाही, आप्पा. खेळ सांगितला."

त्यांनी तंबाखू तशीच हातात धरली.

"कसला खेळ, काका?" वॉचमनने विचारलं. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पडलीस त्ये बी सांगितलंस?"

"हो."

"मी उतरलो न्हाई त्ये बी?"

"ते पण."

त्यांनी तंबाखू वॉचमनच्या हातात परत दिली.

"मग काय म्हनली बाई?"

"विचारलं, वडिलांचा राग आला का."

"मग?"

हे त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं नाही, रस्त्याकडे बघून विचारलं. आणि मला पहिल्यांदाच समजलं, की खेळाची लाज त्यांना कधीच नव्हती. त्यांना त्या बागेतला बाप व्हायचं होतं.

"मी सांगितलं, तुमचा पाय पायडलवरून निघाला होता. टेकणार होता. म्हणून मी उठले."

आप्पा बाकावरून उठायला गेले, गुडघ्यांनी ऐकलं नाही, परत बसले.

"दिसला तुला?"

"दिसला."

"डावा?"

"डावा."

"तुझी आई बी म्हनायची, न्हाई निघाला. मीच म्हनायचो, निघाला हुता. कुनी बघितलाच न्हाई."

"मी बघितला, आप्पा."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि वॉचमनकडे वळले. "निघाला हुता माझा पाय," ते त्याला म्हणाले. "चौथ्या दिवशी. पोरीसाठी." वॉचमनला काहीही कळलं नव्हतं, पण माणूस चांगला होता, त्याने मान हलवली.

"आन् ही उठली. सात वर्साची. बापाचा पाय टेकू दिला न्हाई हिनं." मग माझ्याकडे बघून, "विंग्रजीत कसं म्हनलीस त्ये?"

"ही वॉज कमिंग डाऊन," मी म्हणाले. "सो आय गॉट अप."

"एवढंच?"

"एवढंच."

"परत म्हन."

"इथे? रस्त्यावर?"

"म्हन की. ह्यास्नी बी ऐकू दे."

मी परत म्हणाले, जरा मोठ्याने, पलीकडे बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसांपर्यंत जाईल एवढ्याने.